रात्रपाळीचे रसिक

जाझ या संगीतप्रकाराला रात्रीची वेळ मानवते असे त्यातले जाणकार सांगतात. आणि रात्र जागून काढल्यावाचून ज्याला गत्यंतरच नाही असा श्रोतृवर्ग इंदापूर तालुक्याइतका मुबलक अन्यत्र क्वचितच सापडेल. शेतीपंपाला थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असा जो दस्तूर आमच्या मुलखात पडून गेला आहे, त्याच्या कृपेने, उसाला दारे धरण्यासाठी बांधावर बसलेला मनुष्य, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाइल, डोक्याला कानटोपी आणि डोळ्यांत झोप अशा चतुर्विध सामग्रीनिशी, सरी भरेपर्यंतचा वेळ कसा कंठावा या विवंचनेत असतो. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क येथील ज्या अरुंद, धुराने कोंदलेल्या मद्यगृहांत जाझचा ऑर्गन वाढला, तेथील श्रोता आणि हा मनुष्य यांच्यात तत्त्वतः फारसे अंतर नाही. दोघेही घरी जात नाहीत. एकाला जावेसे वाटत नाही म्हणून, आणि दुसऱ्याची मोटार चालू आहे म्हणून.

बारामती, भवानीनगर, सणसर, निमगाव केतकी आणि इंदापूर या टापूतील संगीतप्रेमी मंडळींचा जो एक व्हॉट्सॲप समूह आहे, तो मुळात या विदेशी वाद्यासाठी स्थापन झालेला नव्हता. अभंग, नाट्यपदे आणि जुनी चित्रपटगीते यांचा आस्वाद घ्यावा एवढाच संस्थापकांचा हेतू होता, आणि समूहाच्या कारभाऱ्यांनी पहिल्याच दिवशी जे फर्मान काढले त्यात सुप्रभाताची चित्रे, राजकारण आणि उसाच्या दराची चर्चा या तिन्ही गोष्टींना सक्त मनाई फर्मावली होती. त्या फर्मानाखाली उमटलेला पहिलाच मजकूर ‘पहिला हप्ता किती जाहीर झाला?’ असा होता. दुसरा मजकूर त्याचे सविस्तर उत्तर देणारा होता आणि तो खुद्द कारभाऱ्यांचा होता.

ऑर्गनचा प्रवेश झाला तो एका निरागस विनंतीच्या मार्गाने. समूहात निमगावचे एक निवृत्त गुरुजी आहेत. मराठी संगीत 1967 साली, म्हणजे बालगंधर्वांच्या निधनाबरोबर, समाप्त झाले आणि त्यानंतर जे चालू आहे तो केवळ वीजपुरवठ्याचा अपव्यय आहे, असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांनी एका रात्री पृच्छा केली की, जुन्या ऑर्गनवादनाचे एखादे उत्तम ध्वनिमुद्रण कोणाच्या संग्रही आहे काय. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या एका तरुण अभियंत्याने अत्यंत तत्परतेने जिमी स्मिथ या अमेरिकन वादकाचे, 1958 साली मुद्रित झालेले ‘द सर्मन’ पाठवून दिले. हे वादन वीस मिनिटे चालते. गुरुजींनी ते आद्यंत ऐकले, यावरून त्या पिढीच्या सहनशक्तीची कल्पना यावी, आणि नंतर त्यांचा अभिप्राय आला : ‘वादकाचा हात चांगला आहे. पदाला सुरुवात कधी होते?’

वीस मिनिटांच्या लांबीबद्दल मात्र कोणी हरकत घेतली नाही, हे बारामतीच्या परंपरेला साजेसेच झाले. ज्या गावी मोरोपंतांनी वास्तव्य करून, शंभरांच्या वर रामायणे रचण्याचा ध्यास घेतला, आणि त्यांपैकी एक तर ओठांनी उच्चारण्याचे एकही अक्षर न येऊ देता पूर्ण केले, त्या गावच्या मनुष्याला एकच कल्पना वीस मिनिटे घोळवणाऱ्या कलावंताचे नवल ते काय वाटणार? ओठांवाचून रामायण रचणारा कवी आणि पायांनी खर्ज वाजवणारा वादक हे एकाच गोत्रातले असावेत असा आम्हांला संशय आहे.

गुरुजींच्या प्रश्नात हसण्यासारखे काही दिसले, तरी त्यामागची दृष्टी खोटी नव्हती. मराठी रंगभूमीवरच्या ऑर्गनने गायकाला सोडून एक पाऊल टाकलेले कोणी पाहिले नाही. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन अशी साथ असे. आणि त्या ऑर्गनचे कर्तव्य, गाणाऱ्याचा दम जेथे क्षणभर थांबेल तेथे सूर पुरवावा, त्याने घेतलेली जागा प्रेक्षकांच्या टाळ्या ओसरेपर्यंत धरून ठेवावी, आणि हे सर्व करीत असता स्वतः मात्र नजरेत येऊ नये, असे एखाद्या खानदानी घरातल्या जुन्या दिवाणजीसारखे होते. जिमी स्मिथने आल्या आल्या गायकाला रजा दिली. तेवढ्यावर न थांबता त्याने खर्जाची साथ करणाऱ्या वादकालाही घरी पाठवले, कारण उजव्या हाताने मुख्य रचना, डाव्या हाताने आणि पायांखालच्या पट्ट्यांनी खर्ज, अशी तीन माणसांची कामे तो एकटा उरकीत असे. सोबतीला एक गिटारवाला आणि एक ड्रमवाला घेतला की मैफल सिद्ध. छोट्या मद्यगृहांच्या मालकांना हे त्रिकूट का आवडले याची सौंदर्यशास्त्रीय मीमांसा पुष्कळ झाली आहे. आमच्या समूहातील एका गुऱ्हाळमालकाने ती एका वाक्यात संपवली. ‘एका पगारात तीन गड्यांचे काम? पत्ता द्या त्याचा.’

पायांचा विषय निघालाच आहे तर त्यांची कैफियतही नोंदवून ठेवली पाहिजे. आमच्या जुन्या पायपेटीत दोन्ही पाय भाता हाकण्याच्या बिगारीवर लावलेले असत. खेळ पाचाचा असो की सातव्या तासापर्यंत लांबलेला असो, पायांनी खाली-वर, खाली-वर एवढेच करावयाचे, आणि टाळ्या मात्र बोटांनी घ्यावयाच्या! जिमी स्मिथ वाजवीत असे त्या हॅमंड ऑर्गनमध्ये हवेचे काम विजेने पत्करल्यामुळे पाय मोकळे झाले आणि त्यांना एकदम बढती मिळून ते पंचवीस पट्ट्यांच्या खर्जखात्यावर नेमले गेले. मनुष्याच्या पायांना नृत्याबाहेर मिळालेली एवढी मोठी बढती दुसरी आमच्या ऐकिवात नाही. ही गोष्ट गुरुजींना समजावून दिल्यावर ते थोडा वेळ निरुत्तर झाले, आणि मग त्यांनी आपली मुख्य तकरार दाखल केली : ज्यात भाता नाही, हवा नाही, पत्ती नाही, तो ऑर्गनच नव्हे.

गुरुजींना ठाऊक नव्हते, परंतु हाच दावा त्यांच्या आधी अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने लावलेला होता. लॉरेन्स हॅमंड हे गृहस्थ मूळचे विजेची घड्याळे बनवणारे. त्यांना स्वतःला कोणतेही वाद्य वाजवता येत नसे, आणि कदाचित त्यामुळेच असेल, त्यांनी 1934 साली एका नव्याच वाद्याचे पेटंट घेतले, ज्यात दात्यांच्या लहान लहान चकत्या लोहचुंबकापुढे फिरतात आणि त्यांतून सूर निघतो. चर्चमधल्या प्रचंड नळ्यांच्या ऑर्गनची बरोबरी हे वाद्य करते, अशी जाहिरात कंपनीने केल्यावर आयोगाने फिर्याद गुदरली. 1937 साली शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात दोन्ही वाद्ये श्रोत्यांच्या नजरेआड वाजवण्यात आली आणि कोणते कोणते हे ओळखण्यास जाणकारांना बसवण्यात आले. जाणकारांची सुमारे एक तृतीयांश उत्तरे चुकली! फैसला असा झाला की, जाहिरातीतले काही दावे कंपनीने सोडून द्यावे. परंतु वाद्यास ऑर्गन म्हणण्यास प्रत्यवाय नाही. अभियंत्याने हा सगळा जाबसाल समूहावर मांडला तेव्हा गुरुजींनी उत्तर दिले की, जाणकारांना बसवण्यापूर्वी त्यांची स्वतःची परीक्षा घेतली होती काय. हा मुद्दा शिकागोला कोणाला सुचला नसावा.

एवढे होईपर्यंत समूहातील बहुसंख्य सभासद तटस्थ होते. त्यांना या वाद्याचा खरा लळा लागला तो त्याच्या संगीतामुळे नव्हे, त्याच्या मोटारीमुळे. इंदापूरला मोटार वायंडिंगचा व्यवसाय करणारे आमचे एक सभासद आहेत. संगीतविषयक चर्चेत त्यांनी तोपर्यंत केवळ अंगठा दाखवला होता. अभियंत्याने एके दिवशी सहज लिहिले की हा ऑर्गन सुरू करण्यासाठी दोन खटके असतात : पहिला आठ-एक सेकंद दाबून धरावा, आतली मोटार वेगात आली की दुसरा चढवावा, दोन्ही थोडा वेळ एकत्र धरावे आणि मग पहिला सोडावा. हे वाचताच ते गृहस्थ खडबडून जागे झाले. हे तर पाण्याच्या मोटारीचे स्टार्टिंग, असे त्यांनी जाहीर केले, आणि तेथून पुढे प्रश्नांची जी सरबत्ती सुरू झाली ती पहाटे लाइट जाईपर्यंत थांबली नाही. वायंडिंग तांब्याचे की ॲल्युमिनियमचे? बेअरिंगला वंगण कसले? वर्षातून एकदा आतल्या लहान पेल्यांत तेल घालावे लागते हे ऐकून तर त्यांना गहिवरून आले असावे, कारण त्यांनी लिहिले, ‘म्हणजे माणूस चांगला होता.’ कोण माणूस, हॅमंड की जिमी, ते त्यांनी स्पष्ट केले नाही.

त्याच रात्री एक मोठा पेच उद्भवला. मोटार विजेच्या लहरींच्या संख्येशी बांधलेली असल्यामुळे वाद्याचा सूरही त्या संख्येवरच अवलंबून असतो. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ आवर्तने करते, आमच्याकडे पन्नास. तेव्हा तिकडचा ऑर्गन जसाच्या तसा इकडच्या विजेवर लावला तर संपूर्ण वाद्य तीन स्वरस्थाने, म्हणजे पेटीच्या हिशेबाने तीन पट्ट्या, खाली उतरेल, आणि काळी एकमध्ये गाणारा गवई खालच्या काळी पाचमध्ये जाऊन बसेल. वीजपुरवठ्याचे दुष्परिणाम आम्ही पिढीजात जाणतो. पंप जळतो, दिवे मंदावतात, फ्रिज बसतो. परंतु षड्ज मंद्र धैवतावर जातो, ही नवी माहिती होती आणि ती सर्वांनी एका विशिष्ट समाधानाने स्वीकारली.

ऑर्गनप्रेमी लोकांची परस्परांत बोलण्याची भाषाही कानाला विलक्षण लागते. या वाद्यावर नऊ नऊ दांड्यांचे संच असतात, प्रत्येक दांडी शून्यापासून आठापर्यंत ओढता येते, आणि कोणत्या वादकाचा नाद कोणत्या ओढणीत आहे ते नऊ आकड्यांत लिहून ठेवण्याची चाल आहे. जिमी स्मिथची आवडती ओढणी 888000000 ही. अभियंत्याने एका रात्री दुसरे काहीही न लिहिता एवढाच आकडा समूहावर टाकला. गुरुजींनी तो दूरध्वनी क्रमांक समजून लावून पाहिला आणि सकाळी प्रेमळपणे कळवले, ‘बाळ, एक आकडा राहिला आहे.’ भिगवणच्या एका मासळी व्यापाऱ्याने, बँकेतून आलेला असला आकडा कोणालाही सांगू नये, असा सर्वांना इशारा दिला. तो इशारा आजही समूहात वरचेवर फिरत असतो आणि त्याच्या खाली जिमी स्मिथचे छायाचित्र आहे.

रसिकांच्या चर्चेत मृत्यूचे स्थान फार मोठे असते, याकडे अभ्यासकांचे लक्ष अजून गेलेले दिसत नाही. जिमी स्मिथ 8 फेब्रुवारी 2005 रोजी निवर्तला. दर वर्षी त्या तारखेला अभियंता त्याचे स्मरण करतो, आणि दर वर्षी नवे सभासद ही घटना त्याच सकाळी घडली असे गृहीत धरून शोक व्यक्त करतात. भावपूर्ण श्रद्धांजली, ईश्वर कुटुंबीयांना हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो, एक दिलदार व्यक्तिमत्त्व हरपले, अशा मजकुरांची दुपारपर्यंत रीघ लागते. गेल्या खेपेला सराटीच्या एका भल्या गृहस्थाने दशक्रिया कोठे आहे अशी विचारणा केली, आणि ती नीरेच्या घाटावर असती तर ते नक्की गेले असते, याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही.

वादकाच्या गावावरूनही तंटा आहे. जिमी स्मिथ जन्मला नॉरिसटाउन येथे. ते फिलाडेल्फियाच्या शेजारचे गाव. शर्ली स्कॉट, जिमी मॅग्रिफ आदी मंडळीही फिलाडेल्फियाचीच असल्यामुळे, ऑर्गनची राजधानी म्हणून जगात नाव झाले ते मोठ्या शहराचे. हे वाचल्याबरोबर इंदापूरकर सभासदांनी जो एकमुखी निषेध नोंदवला, त्याची तीव्रता पेन्सिल्व्हेनियाचा भूगोल समजल्याखेरीज कळणार नाही. किंवा तो न समजताही, ज्याने नीरेच्या कालव्याच्या शेपटाला जमीन कसली आहे त्याला लगेच कळेल. पाणी असो, कॉलेज असो, की ऑर्गनवादक असो, जन्म लहान गावात आणि श्रेय शेजारच्या मोठ्या गावाला, असे त्यांचे म्हणणे. बारामतीकरांनी यावर संयम राखून एवढेच विचारले की, तो शिकला कोठे, वाजवला कोठे. वाद अद्याप मिटलेला नाही. आणि आमच्या मते तो मिटूही नये, कारण त्यानिमित्ताने नॉरिसटाउन हे नाव सणसरच्या चहाच्या टपरीवर आता सर्वांना तोंडपाठ आहे.

समूहातील गुरांच्या डॉक्टरांची तक्रार याहून वैयक्तिक स्वरूपाची आहे. 2021 साली वारलेले लॉनी स्मिथ हे थोर ऑर्गनवादक नावाआधी डॉक्टर लावीत, डोक्याला भरदार फेटा बांधीत, आणि डॉक्टरीची पदवी मात्र त्यांच्याकडे कोणतीच नव्हती. फेट्याबद्दल समूहाला काहीच म्हणावयाचे नव्हते. बांधणी सैल असल्याचे एक-दोघांनी निदर्शनास आणले इतकेच. पदवीविषयी मात्र आमच्या डॉक्टरांनी, ज्यांनी ती रीतसर मिळवण्यासाठी ऐन तारुण्यातली वर्षे घालवली आणि ज्यांना अजूनही अर्धी वाडी ‘कंपाउंडर’ म्हणून हाक मारते, आपली व्यथा मध्यरात्री प्रदीर्घ मजकुरात मांडली. तिला सर्वांनी सहानुभूती दर्शवली. लगेच तिघांनी म्हशीच्या कासदाहावर औषध विचारले.

जाझ हा आपला नव्हे असे म्हणणाऱ्यांचा बंदोबस्त मोटार वायंडिंगवाल्यांनीच केला. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाला हाताशी धरून 1951 च्या ‘अलबेला’त काय धुमाकूळ घातला ते सर्वांनाच मुखोद्गत होते, फक्त त्यातले पाश्चात्त्य अंग कोणत्या बाजाराचे, हे कोणी चौकशी करून पाहिले नव्हते. एवढा एक दाखला पुरला. आमच्या लोकांना नवी गोष्ट पटवावयाची असेल तर ती जुनी आहे असे सिद्ध करावे लागते.

आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी आली की सर्व विदेशी वाद्ये आपोआप मिटतात. काटेवाडीच्या धोतरांच्या पायघड्या, मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीचे गोल रिंगण यांच्या चित्रफितींनी समूह भरून जातो आणि अभियंताही पखवाजाच्या पलीकडे काही पाठवीत नाही. पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजकडे गेली, की दोन दिवसांनी कोणीतरी हळूच विचारते, ‘त्या ऑर्गनवाल्याचे नवीन काही?’ नवीन काही येणे शक्य नसते, कारण तो मागेच वारला. पण अभियंता एखादे जुने काढून देतो. एकदा त्याने ‘बॅक ॲट द चिकन शॅक’ या तबकडीचे आवरण पाठवले, ज्यावर जिमी स्मिथ कोंबड्यांच्या खुराड्यापाशी बसलेला आहे. कराराने पोल्ट्री करणाऱ्या आमच्या सभासदाने, वादन न ऐकता, खुराड्यात वारा खेळत नसल्याचा शेरा मारला. त्यावर उन्हाळ्यातील मरतुकीविषयी इतकी उपयुक्त चर्चा झाली की 1960 साली केनी बरेल आणि स्टॅनली टरेंटाइन यांनी त्या तबकडीत काय वाजवले आहे ते विचारण्याचे कोणाच्याही ध्यानात राहिले नाही.

सांप्रत समूहापुढे एक गंभीर प्रस्ताव आहे. 1954 पासून वीसएक वर्षे निघालेल्या बी-थ्री या जातीचा एखादा जुना ऑर्गन वर्गणी काढून बारामतीस आणावा, अशी सूचना, आश्चर्य वाटेल, पण गुरुजींनीच मांडली आहे. त्यांचा हेतू शुद्ध शास्त्रीय आहे : पडद्याआड पायपेटी आणि हॅमंड दोन्ही वाजवून शिकागोची सुनावणी पुन्हा घ्यावयाची, या खेपेला खऱ्या जाणकारांपुढे. आवर्तनांची अडचण दूर करणारे यंत्र मोटार वायंडिंगवाले स्वखर्चाने बनवून देणार आहेत. वाद्य ठेवण्यास गुऱ्हाळमालकांनी जागा कबूल केली आहे, तिला छप्पर आहे आणि चिलटे नाहीत असे त्यांनी लेखी दिले आहे. राहिला प्रश्न वाहतुकीचा. बैठक आणि पायपट्ट्या धरून या वाद्याचे वजन सुमारे 190 किलो भरते, फिरत्या कर्ण्याचे लेस्ली नावाचे कपाट वेगळे. मुंबईच्या बंदरापासून ते उसाच्या ट्रॉलीत आणता येईल किंवा कसे, चढवण्या-उतरवण्यास किती गडी लागतील, आणि आतल्या चकत्या खड्ड्यांनी हलतील काय, यावर तीन रात्रपाळ्या खल झाला. शेवटी ज्यांची ट्रॉली आहे त्या काटेवाडीच्या दादांनी सर्वांच्या उत्साहाला मान देऊन कळवले की, ऑर्गन आणू, जरूर आणू, पण टोळी अजून निमगावलाच अडकली आहे. आधी आपली तोड आली पाहिजे.

त्याखाली एकवीस अंगठे आहेत, आणि एक प्रश्न : पहिला हप्ता किती म्हणाले?